गळक्या क्लचवरून अमरावतीला

पुण्याहून अमरावतीकडे जायला आगगाडी आहे. ती रोज सुटते, रोज पोचते, आणि एकदा आत बसलं की आपल्याला काहीही करावं लागत नाही. हे सगळं मी आमच्या ह्यांना नीट समजावून सांगितलं होतं. पण दारात स्वतःची मोटार असताना आगगाडीने जाणं म्हणजे ह्यांच्या मते घरात स्वयंपाक तयार असताना खानावळीत जेवायला जाणं. शिवाय महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. वऱ्हाड आता आपलंच, मग ते खिडकीतून पळताना बघायचं की नीट थांबून, असंही एक म्हणणं होतं. थांबणं आमच्या नशिबात किती आहे हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी एकच अट घातली. माझा स्टोव्ह बरोबर येणार. स्टोव्ह, पिन, स्पिरिटची बाटली, पंपाच्या जादा वायसरांची पुडी, सगळं. वाटेत चहा प्यायचा तर माझ्या हातचा. ह्यावर हे जे हसायला लागले ते शिरूर येईपर्यंत हसत होते.

जायचं होतं ते भाचीच्या लग्नाला. ह्यांची मोठी बहीण लग्न होऊन अमरावतीला गेली त्याला पंचवीस वर्षं होत आली. तिचे यजमान तिथे वकिली करतात. त्यांना सुमन ही एकच मुलगी, आणि सुमनला मामा एकच, म्हणजे आमचे हे. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. वन्संच्या स्वतःच्या लग्नात त्यांचा मामा कसल्याशा मानापानावरून रुसला आणि आलाच नाही. ऐन वेळी शेजारच्या एका गृहस्थांना उभं केलं होतं. ती गोष्ट वन्संच्या मनातून कधी गेली नाही. दिवाळीत पुण्याला आल्या तेव्हा त्यांनी ह्यांना बजावून सांगितलं, "मधू, बाकी तू काही आणू नकोस. तू स्वतः वेळेवर ये. माझ्या सुमनच्या पाठीशी परका माणूस नको." हे म्हणाले, "आदल्या दिवशीच हजर होतो." ते अगदी मनापासून म्हणाले होते.

आता गाडीविषयी. गाडी आणि मी एकाच वर्षी ह्या घरात आलो. गाडी काळी, विलायती, एका डॉक्टरांनी वापरून टाकलेली. तिचा क्लच तेलावर चालतो. म्हणजे पायाने पेडल दाबलं की वरच्या एका नळकांड्यातलं तेल बारीक नळीतून खाली जातं, खालच्या नळकांड्यातला दट्ट्या पुढे ढकलतं, आणि मग गिअर पडतो. दट्ट्याच्या तोंडाशी एक रबराची वाटी असते. ती धड असली तर तेल आत राहतं, नाहीतर बाहेर येतं. हे शास्त्र मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात पाठ झालं, कारण नव्या नवरीशी दुसरं काय बोलावं हे ह्यांना सुचत नसे.

ती वाटी औरंगाबादच्या आधीच रडायला लागली. गाडीखाली ठिपका दिसला. मग दर पाच-दहा मैलांवर थांबायचं, बॉनेट उघडायचं, ह्यांनी बरोबर घेतलेल्या क्लचच्या बाटलीतलं तेल वर ओतायचं, पुढे जायचं. आदल्या दिवशी सकाळी अमरावतीत असायचे ते आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी कसेबसे अकोल्यात शिरलो, आणि बाटलीचा तळ दिसला.

अकोला

अकोल्यात शिरताना पहिल्यांदा दिसतात त्या कापसाच्या गाड्या. सरकी काढायच्या जिनाच्या फाटकापासून रस्ताभर एकामागे एक उभ्या, बैल सोडलेले, गाडीवान खाली बसून विड्या ओढतायत. हवेत कापसाचा बारीक भुगा उडत होता. माझ्या केसांत, भुवयांत, ह्यांच्या मिशीत तो जाऊन बसला आणि आम्ही दोघं एका संध्याकाळीत म्हातारे झालो.

उतरलो ते ह्यांचे कॉलेजातले मित्र नानासाहेब ह्यांच्याकडे. त्यांची सरकीच्या तेलाची गिरणी आहे. माणूस उंच, आवाज त्याहून उंच. दारातच त्यांनी ह्यांना मिठी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनी, हा मानूस तुमाले अजून मोटारीतच फिरवून राहिला का?"

पुण्यात कोणी अशी सुरुवात केली असती तर मला राग आला असता. इथे मला पटकन हसू आलं. नानासाहेबांच्या बोलण्याला साल नाही, नुसता गर आहे. पहिल्या दिवशी दचकायला होतं, मग चटक लागते.

जेवताना ह्यांनी तेलाची अडचण सांगितली. दुकानं बंद झाली होती. नानासाहेबांनी हातातला घास तसाच ठेवला.

"तेल पाह्यजे? अन् ते तुमी माह्या घरी बसून इचारता?"

जेवण होताच त्यांनी गिरणीतून डबा भरून सरकीचं ताजं तेल आणवलं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, पण हे चालेल का? बाटलीवर तर दुसरंच काही लिहिलंय." हे म्हणाले, "तेल ते तेल. दाबलं की पुढे गेल्याशी कारण." आणि नानासाहेब म्हणाले, "वैनी, या तेलात अख्खा जिल्हा भजे तळून राहिला. तुमच्या क्लचले काय धाड भरली?"

एक वकिलाचा मेहुणा आणि एक गिरणीमालक, दोघंही पदवीधर. मी झोपायला गेले.

सकाळी उठून बघतो तर गाडीखाली ठिपका नाही! रात्रभरात एक थेंब गळला नव्हता. ह्यांनी मला हाताला धरून नेऊन कोरडी जमीन दाखवली. नानासाहेब म्हणत होते, स्टेशनापाशी चांगला मिस्त्री आहे, एकदा दाखवून घ्या. पण ह्यांनी मान हलवली. आपल्या गाडीला परक्याचा हात लावू द्यायचा नाही हा ह्यांचा नेम आहे, आणि आता तर गाडी बरी झाली होती. लग्न संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर. अंतर साठ मैलसुद्धा नाही. "बारा वाजता वन्संकडे पंगतीला," असं म्हणत आम्ही निघालो. निघालो म्हणजे नानासाहेबांच्या घरून पोहे, मग दूध, मग पुन्हा चहा झाल्यावर निघालो. वऱ्हाडात उंबऱ्यातून पाय बाहेर काढायला क्लचपेक्षा जास्त जोर लागतो.

बोरगावच्या पुढे

रस्ता काय सुरेख होता! दोन्ही बाजूंना बाभळी आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर काळी जमीन. आमच्याकडे जमीन अशी काळी नसतेच. ही काजळासारखी काळी, आणि तिच्यावर फुटलेला पांढराशुभ्र कापूस. वेचणाऱ्या बायकांच्या रांगा, कमरेला बांधलेल्या ओट्या, एकीने गाणं म्हणायचं आणि दुसऱ्या रांगेने ते पुढे न्यायचं. हे सुद्धा गायला लागले. ह्यांना एकच पद येतं, तेही अर्धं. मला इतका आनंद झाला होता की मी तेही ऐकून घेतलं.

बोरगाव मागे पडलं आणि गाणं थांबलं. समोर गुरं आली म्हणून ह्यांनी पेडल दाबलं, ते खाली गेलं आणि खालीच राहिलं. इंजिन जोरात ओरडतंय आणि गाडी मात्र हळूहळू थांबतेय. ह्यांनी वाकून हाताने पेडल वर ओढलं, पुन्हा दाबलं, पुन्हा ओढलं. मग खालून 'फस्स' असा आवाज आला. मी दार उघडून बघितलं. ठिपका कसला, धारच लागली होती.

हे गाडीखाली गेले. बराच वेळ नुसते दोन पाय दिसत होते. मग आवाज आला, "फुगली!"

"कोण फुगली?"

"वाटी. सरकीच्या तेलाने रबर फुगलं. म्हणूनच गळायचं थांबलं होतं. फुगून अडकली आणि आता फाटली."

हे बाहेर आले. तळहातावर ती वाटी होती, भिजवलेल्या वालासारखी लुसलुशीत आणि कडेला चिरलेली. बोलायचं खूप होतं. पण सूर्य डोक्यावर येत होता, अमरावती चाळीस मैल दूर होती, आणि वन्संचं वाक्य आम्हा दोघांच्याही कानात वाजत होतं. एक एस.टी. आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात केला. दारापर्यंत माणसं लोंबत होती. कंडक्टरने आतूनच हात हलवला आणि धूळ उडवत ती गेली. हे खाली बघत म्हणाले, "ताईला मी काय तोंड दाखवू?" ह्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात सायकलवरून एक गृहस्थ आले. डोक्याला पांढरा रुमाल, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. सायकल बाभळीला टेकवून त्यांनी आधी गाडी बघितली, मग आम्हाला.

"काय झालं जी?"

ह्यांनी सांगितलं. दट्ट्या, वाटी, तेल, लग्न, मामा. गृहस्थांनी बाकीचं ऐकलं न ऐकलं, पण शेवटचा शब्द बरोबर पकडला.

"नवरीचे मामा तुमी? अन् हितं रस्त्यावर कावून बसले? चाला घरी."

त्यांचं नाव गुलाबराव. वावर रस्त्याला लागूनच, आणि घर वावरातच. पाचच मिनिटांत ते बैलजोडी घेऊन आले. जू गाडीच्या पुढच्या दांड्याला दोराने बांधलं आणि आमची विलायती मोटार बैलांमागून निघाली. हे चाक धरून गंभीर चेहऱ्याने आत बसले होते. कापूस वेचणाऱ्या बायका ओट्या सोडून बांधावर धावल्या. एक म्हणाली, "वा वो माय, मोटारीले बैलं!" मी मागून चालत होते. मघाचं रडू कुठे गेलं ते कळलंच नाही. हसून हसून माझा पदर तोंडात होता.

गुलाबरावांचं वावर

आमच्याकडे एखाद्याची गाडी दारात बंद पडली तर आपण पाना-हातोडी देतो, पाणी विचारतो आणि लांबून बघत उभे राहतो. इथे उलटा क्रम. ह्यांनी "दहाचा पाना आहे का" असं विचारलं, तर गुलाबराव म्हणाले, "हाय ना. पयले जेवा."

"अहो, पण मुहूर्त—"

"मामा, उपाशी मानसाच्या हातून नट सुटते का?"

त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, चूल पेटवलीच होती. त्यांना रोडगे करायचे होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, मग तुपात चुरायचे. दोन तासांचं काम. मी अक्षरशः त्यांचे हात धरले. तेव्हा त्या नाखुशीने भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, ठेचा आणि ताकावर आल्या. "हे काय पाव्हन्याचं जेवन हाय का?" असं तीनदा म्हणाल्या. मी पुण्याची, मला ठेच्याचा अंदाज नाही. पहिला घास घेतला आणि पुढचा घास घेण्याआधी तांब्याभर ताक संपवलं. शेवंताबाई माझ्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "हळू वो बाई. तो कुठं पळून राहिला?"

जेवण झालं आणि पाना मिळाला. ह्यांनी खालचं नळकांडं सोडवून बाजेवर जुन्या धोतरावर मांडलं. दट्ट्या, स्प्रिंग, फाटकी वाटी. सगळे भोवती उभे. ह्यांनी हताश होऊन सांगितलं की वाटी मिळेल ती मुंबईला, फार तर नागपूरला.

मी ते सुटे भाग बघत होते. बघता बघता मला वाटलं, हे मी कुठेतरी रोज बघते.

"अहो," मी म्हटलं, "हा तर स्टोव्हचा पंप आहे."

"हा क्लचचा सिलिंडर आहे," हे म्हणाले.

"असेल. पण दट्ट्या आहे, पुढे वाटी आहे, आणि पुढचं मागे येऊ न देता ढकलायचं आहे. माझ्या पंपाला रबराची वाटी नसते, चामड्याची असते. ती वाळली की पंप लागत नाही. मग मी ती तेलात मुरवते, बोटाने कडा फाकवते आणि परत घालते. दर महिन्याला करते. तुम्ही तेव्हा पेपर वाचत असता."

हे त्या दट्ट्याकडे बघत राहिले. मला ह्यांचं ते बघणं ठाऊक आहे. पटलेलं असतं, पण तोंडाने म्हणायला जड जातं. मग एकदम उठून त्यांनी गाडीतून माझी वायसरांची पुडी आणली. माझी वाटी त्या नळकांड्यात टाकली तर ती पलीकडून सरळ खाली पडली. फारच लहान. माझं तोंड उतरलं.

गुलाबराव म्हणाले, "पंपच पाह्यजे ना? माह्या सायकलचा पाहा." त्यांनी लगेच सायकलचा पंप उघडून त्याची चामडी वाटी काढून दिली. ती जराशी मोठी निघाली. मोठी असणं फार चांगलं. मोठ्याचं लहान करता येतं. दाढीच्या पात्याने ह्यांनी तिची कड तासली. तासायचं, घालून बघायचं, पुन्हा तासायचं. श्वास रोखून सगळे बघत होते. एकदाची ती घट्ट बसली.

"आता मुरवायला तेल," मी म्हटलं. 'तेल' ऐकताच हे दचकले. शेवंताबाईंनी मात्र कोनाड्यातून शिशी काढली. "चामड्याले एरंडेल. जोड्याले तेच, मोटीले तेच, बंडीच्या कण्याले तेच."

एरंडेल म्हटल्याबरोबर हे कपाळावर हात मारून उभे राहिले. "अगं, बाटलीतलं ते तेल मूळ एरंडेलाचंच असतं! स्पिरिट घालून पातळ केलेलं! गाडीच्या पुस्तकात दिलंय!"

"मग हे काल का नाही आठवलं?"

"काल सरकीचं आयतं मिळत होतं," हे म्हणाले. एवढा खरेपणा बघून मला त्यांचं कौतुकच वाटलं.

स्पिरिट माझ्याजवळ होतं. एरंडेल घरात होतं. हंडीत दोन्ही ढवळून मी असं काही औषध तयार केलं की त्याच्या वासाने गोठ्यातली वासरं मान वळवून बघायला लागली. आधी स्पिरिटने सगळं धुऊन सरकीचं तेल काढून टाकलं. वरच्या नळकांड्यातली रबरी वाटीही फुगली होती, पण फाटली नव्हती. आजचा दिवस ती काढील, असं हे म्हणाले.

आता नळीतली हवा काढायची. त्यासाठी एकाने पेडल दाबायचं, एकाने खाली झोपून बारीक नट सोडायचा-आवळायचा, आणि एकाने वर तेल ओतत राहायचं. खाली हे, वर मी. पेडलवर कोण? गुलाबराव मोटारीत बसायला लाजत होते. शेवंताबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि चाकामागे जाऊन बसल्या.

"दाबा!" हे खालून ओरडले.

"दाबलं!"

"सोडा!"

"सोडलं जी, पन ते वर येऊन नाई राहिलं!"

वरचं रबर फुगलेलं, म्हणून पेडल आपण होऊन परतत नव्हतं. शेवंताबाईंनी क्षणभर विचार केला, मग अनवाणी पायाची बोटं पेडलखाली घातली आणि ते वर उचललं. दाबा, दाबलं, सोडा, उचललं! असं कितीतरी वेळ चाललं. नटातून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नुसतं तेल. गुलाबराव गाडीभोवती फेऱ्या मारत ज्याच्या-त्याच्यापर्यंत आवाज पोचवत होते, जरी सगळे हाताच्या अंतरावर होते तरी. शेवटी हे खालून म्हणाले, "आला जोर! पेडलला जोर आला!" आणि शेवंताबाईंनी असा काही हॉर्न दाबला की बैल दाव्याला हिसडे द्यायला लागले.

झिरपत होतं थोडंसं. पण धार नव्हती. उरलेलं औषध मी बाटलीत भरून घेतलं.

राहिला प्रश्न पेडल वर येण्याचा. बूट घातलेल्या पायाने काही ते उचलेना. तेव्हा मीच पेडलला सुतळी बांधली आणि तिचं टोक हातात घेऊन ह्यांच्या शेजारी बसले. शेवंताबाईंनी मला कुंकू लावलं, ओटीत ज्वारी आणि हुरड्याची कणसं घातली. "लगन लागलं का हिकडूनच परत येजा," त्या म्हणाल्या. "रोडगे राहिले हायेत." मला वाटलं आपण ह्या बाईला जन्मभर ओळखतो. सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या.

अमरावती

हे दाबत होते, मी ओढत होते. दाबलं की गिअर, ओढलं की गाडी पुढे. पहिल्या दोन-चार वेळा मी उशिरा ओढली आणि गाडीने उड्या मारल्या. मग तालात आलं. ह्यांनी नुसतं "हं" म्हणायचं. मूर्तिजापूर गेलं. मी हुरडा सोलून एका हाताने ह्यांच्या तोंडात घालत होते, दुसऱ्या हातात सुतळी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून काही चालवलंय असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि मी ते ह्यांना सांगितलंही. हे म्हणाले, "हं." मी सुतळी ओढली, पण गिअर बदलायचा नव्हता, ह्यांनी माझ्या बोलण्याला 'हं' म्हटलं होतं.

बडनेऱ्याला फाटक बंद. मालगाडी काही केल्या संपेना. पश्चिमेला सूर्य तांबडा झाला होता. ह्यांनी दोनदा बॉनेट उघडून बाटली रिती केली. फाटक उघडलं, पेडल अर्ध्यावर गेलं, गिअर कुरकुरला, पण पडला. बडनेऱ्यापासून अमरावती कितीशी लांब! वन्संच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा गुरं परतायची वेळ झाली होती आणि समोर रस्ता बंद होता. बँड, गॅसबत्त्या, घोड्यावर नवरदेव, आणि त्याच्यापुढे नाचणारी माणसं. आमच्याच सुमनच्या लग्नाची वरात!

म्हणजे उशीर झाला नव्हता. पण वरात मुंगीच्या पावलाने चाललेली. तिच्यामागे मोटार चालवायची म्हणजे क्षणाक्षणाला क्लच. दाबलं, ओढलं, दाबलं, ओढलं, आणि शेवटी पेडल मऊ होऊन तळाशी गेलं ते गेलंच. बाटली संपली होती. गाडी वरातीच्या मागे, मांडव पुढच्या वळणावर, आणि मधे नवरदेवाच्या गावचं सगळं अचलपूर नाचतंय. हे दार उघडून धावायला लागले, तर नवरदेवाचे एक काका आडवे आले. धिप्पाड, फेटा बांधलेले.

"ओ साहेब, वरातीत घुसून कोन्हीकडे चालले?"

"मी नवरीचा मामा!"

काकांनी ह्यांच्याकडे बघितलं. कोपरापर्यंत काळे हात, अंगाला एरंडेलाचा वास, मिशीत अजून अकोल्याचा कापूस. मग त्यांनी हात वर करून बँडच थांबवला.

"आरे, नवरीचा मामा आपल्या मांगं राहिला! मामाच नाई त लगन कसं लागन? चाला, लावा हात!"

नाचणारी पंधरा-वीस माणसं वळली. मला वाटलं ह्यांना उचलतात की काय. त्यांनी ह्यांना परत गाडीत कोंबलं आणि गाडीला खांदे लावले. घोडा बाजूला झाला. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला करून आम्हाला वाट दिली आणि हसून हात जोडले. बँड पुन्हा सुरू झाला, आमच्यासाठी! वरपक्षाने ढकलत आणलेल्या मोटारीतून नवरीचा मामा मांडवात आला, नवरदेवाच्या आधी. वकीलसाहेब दारात पंचारती घेऊन उभे होते. त्यांना आधी कळेचना की ओवाळायचं कोणाला.

आत जाताच भटजींची घाई सुरू झाली. ह्यांना घंगाळापर्यंतही जाऊ दिलं नाही. कुणीतरी खांद्यावर उपरणं टाकलं आणि ओढतच बोहल्याकडे नेलं. तिथे अंतरपाटाच्या अलीकडे सुमन मान खाली घालून उभी होती आणि तिच्या पाठीशी शेजारचे एक गृहस्थ आधीच उभे केलेले होते. ह्यांना बघून ते चटकन बाजूला झाले. सुमनला वळून बघता येत नव्हतं. मी समोरून बघत होते. तिने नुसतं नाक उचलून वास घेतला आणि मान खाली घातलेलीच ठेवून हसली. मंगलाष्टकं सुरू झाली.

तेव्हा मला वन्संची आठवण झाली. आमच्यात नवरीची आई मंगलाष्टकं बघत नाही. त्या वेळी ती मागल्या अंगणात तुळशीला पाणी घालत असते. म्हणजे बाहेरचा सगळा गोंधळ वन्संनी नुसता ऐकला होता. भाऊ आला की नाही, पाठीशी कोण उभं आहे, हे त्यांना कोणी जाऊन सांगितलंच नव्हतं.

मी गर्दीतून वाट काढत मागे पळाले. अंगणात अंधार पडायला लागला होता. वन्सं एकट्याच तुळशीपुढे उभ्या होत्या, हातात चांदीची झारी, आणि संथ धार धरली होती. त्यांनी वर बघितलं नाही. माझा पायरव ओळखून विचारलं, "पाठीशी कोण उभं आहे गं?"

"तुमचा भाऊ," मी म्हटलं.

धार थांबली नाही, पण झारी कलली आणि पाणी वृंदावनाच्या कडेवरून त्यांच्या पावलांवर सांडायला लागलं. आतून अक्षता टाकल्याचा गलका झाला. त्या खालीच बघत होत्या. मग मोठ्या बहिणीच्या नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "हात तरी धुतलेत का त्याने?"

"नाही धुतले."

"मेला," वन्सं म्हणाल्या. झारी तशीच हातात धरून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून इतक्या रडल्या, इतक्या रडल्या, की आत लग्न लागलं ते आम्हा दोघींना बँडच्या आवाजावरून कळलं.